आणि चऱ्होली नीट उमटली

आधी काय सांगू आणि मागून काय, असं झालंय मला, म्हणून सरळ त्या रात्रीपासूनच सुरुवात करतो. रात्रीचे पावणेबारा. भाऊबीजेची पंगत उठून गेलेली, घरातले सगळे झोपलेले, लांब कुठेतरी उरलेसुरले फटाके वाजतायत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा वर्षं जुन्या लॅपटॉपसमोर बसून एकच शब्द टाइप करतोय. च. मग शिफ्ट दाबून र. मग हलन्त. मग ह, मग काना-मात्रा, मग ली. पडद्यावर शब्द उमटला: चऱ्होली! ह च्या डोक्यावर रफार चढलेला नाही, र आणि ह यांची फारकत झालेली नाही. पापणीसारखा वळलेला तो अर्धा र ह ला अलगद चिकटलेला, शाळेत गुरुजींनी फळ्यावर काढला होता तसाच! मला राहवेना. मी हिला उठवलं.

“अहो, काय झालं?”

“अगं, चऱ्होली बघ, चऱ्होली!”

“मी चऱ्होलीतच आहे,” असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

तिचं बरोबर आहे. पण ज्याच्या गावाचं नाव आयुष्यभर पावत्यांवर, पाकिटांवर, लग्नपत्रिकांवर ‘चर्‌होली’, ‘चरहोली’, ‘च-होली’ असं मोडून छापलं गेलं, त्यालाच त्या रात्रीचा आनंद कळेल. आणि ज्या यंत्रावर ते नाव असं उमटलं, ते यंत्र थोड्याच दिवसांपूर्वी भंगारात निघालं होतं.

मी टूलरूमचा माणूस. भोसरी एमआयडीसीत चौतीस वर्षं डाय आणि फिक्श्चर केले. मायक्रॉन कळतो, मेगाबाइट कळत नव्हता. ऑफिसातली पोरं कॉम्प्युटरवर बसायची आणि आम्ही लांबूनच नमस्कार करायचो. निवृत्त झालो तशी गावातल्या सप्ताहाच्या हिशेबाची वही माझ्याकडे आली. वर्गणी कुणाची किती, अन्नदान कुणाच्या नावावर, कार्तिकीला आळंदीला येणारे वारकरी कुणाच्या घरी किती उतरणार. आळंदी आम्हाला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कार्तिकी आली की चऱ्होलीतली घरं भरतात. वहीला पानं पुरेनात, तेव्हा लेक म्हणाली, “पप्पा, माझा लॅपटॉप घ्या.” तिने इंजिनिअरिंगला असताना, २०१४ साली, घेतलेला. चार जीबी रॅम. चालू व्हायला लागला की मी चहा टाकायचो, चहा पिऊन व्हायचा, तरी तो अजून चालूच होत असायचा.

मग आला ऑक्टोबर २०२५. चौदा तारखेला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्याआधीपासूनच पडद्यावर सूचना यायच्या की अकराव्या आवृत्तीवर या. यायला गेलो तर म्हणे तुमचं यंत्र बसत नाही, टीपीएम २.० नावाची चिप पाहिजे, प्रोसेसर नवा पाहिजे. दुकानात नेला. तिथल्या पोराने झाकणसुद्धा उघडलं नाही. “काका, भंगारात घाला. चाळीस-पंचेचाळीस हजारात नवीन येतो.” हे ऐकून माझ्यातला फिटर दुखावला. बिजागरी शाबूत, कीबोर्ड शाबूत, पडदा स्वच्छ. आमच्या शॉपमध्ये माझ्यापेक्षा वयाने मोठी लेथ मशीन होती आणि तिच्यावरून रोज माल निघत होता. चालत्या यंत्राला भंगार म्हणायची वेळ कुणी ठरवायची?

भाऊबीजेला बहीण आली, बरोबर भाचा. डिप्लोमाला आहे. मी दुखणं सांगितलं तर तो हसला आणि खिशातून नखाएवढा पेन ड्राइव्ह काढला. “मामा, यात लिनक्स मिंट आहे. आत काही न टाकता नुसतं चालवून बघा.” म्हणजे काय, तर अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवरूनच सुरू होते. लॅपटॉपच्या डिस्कला हातही लावत नाही, पटलं नाही तर ड्राइव्ह काढा, बंद करून चालू करा, जिथे होतात तिथे परत. आम्ही मोठा जॉब चढवायच्या आधी एक ट्रायल पीस काढतो ना, तसंच! आयुष्यात कुठली सॉफ्टवेअर कंपनी आपल्या अंगणात अशी ट्रायल देते? बरं, ट्रायल म्हणजे अर्धवट नव्हे. लिहायचं, हिशेबाचं, चित्रांचं, गाण्यांचं सगळं सामान त्यातच भरलेलं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडली आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्या रात्री मी दोन वाजता झोपलो. झोपलो कसला, पडलो.

सकाळी भाचा गेला, त्याचा ड्राइव्ह त्याच्याबरोबर गेला. आता मला माझी स्वतःची प्रत हवी. तर ही प्रत कुठे मिळते? कुठेही! मिंटच्या संकेतस्थळावर गेलं की देशोदेशींची नावं दिसतात. विद्यापीठांनी, कंपन्यांनी आपापल्या सर्व्हरवर त्याच फाइलच्या प्रती ठेवलेल्या. त्यांना मिरर म्हणतात, आरसे. फाइल सुमारे तीन जीबीची. माझा मोबाइलचा पॅक दिवसाला दीड जीबीचा, म्हणून दोन दिवस तुकड्यातुकड्याने उतरवली. उतरल्यावर तपासायची असते, आणि इथे तर मी खुर्चीतून उठलोच! फाइल देणारे सोबत एक लांबलचक चौसष्ट अक्षरांचा आकडा देतात, एसएचए-२५६ म्हणतात त्याला. आपल्याकडे उतरलेल्या फाइलवरून तो आकडा काढायचा आणि ताडून बघायचा. तीन जीबीत एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा सगळाच बदलतो. अहो, हे आमचं गो–नो गो गेज! बसलं तर माल पास, नाही तर रिजेक्ट. माझा आकडा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तेव्हा पहिल्यांदा स्लिप गेज हातात घेतलेला दिवस आठवला.

त्यानंतर जे घडलं ते हिच्यासमोर वाचू नका. फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, वेगळ्या साधनाने ‘चढवावी’ लागते, आणि चढवताना ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. हे मला भाच्याने दोनदा सांगितलं होतं. ड्रॉवरमध्ये दोन सारखेच काळे पेन ड्राइव्ह होते. एक रिकामा. दुसऱ्यात हिचा हरिपाठ आणि अठरा कीर्तनं. पुढचं सांगत नाही. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

आता सगळं लगेच जमलं असं नाही. मिंट डिस्कवर बसवलं, हलकी आवृत्ती, एक्सएफसीई नावाची, जुन्या यंत्रांसाठी. चहा टाकायला उठायच्या आत चालू! पण वायफाय दिसेना. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, काळी खिडकी उघडा आणि एलएसपीसीआय टाइप करा.” काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. टाइप केलं आणि लॅपटॉपच्या पोटात काय काय पार्ट बसवलेत त्याची यादीच समोर आली, अगदी बिल ऑफ मटेरियल! त्यात वायफायची चिप सापडली. तिच्या कंपनीने तिचं ड्रायव्हर बंद पेटीत ठेवलेलं, म्हणून ते मिंटमध्ये आपोआप जागं होत नाही. उपाय एवढाच, की मोबाइल वायरने जोडायचा, त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं, ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा आणि एका बटणावर काम. वीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा मिनिटं मी वायर शोधत होतो.

त्याच काळ्या खिडकीत मॅन असं लिहून पुढे कुठल्याही आज्ञेचं नाव दिलं की तिची माहिती उघडते. मी आठवडाभर समजत होतो की मॅन म्हणजे माणूस, मदतीला माणूस बोलावतात. ते मॅन्युअल निघालं. पण माझा अर्थ काही फार चुकला नव्हता, ते पुढे येईलच.

आता मला प्रश्न पडला, हे सगळं फुकट का देतात? वाचत सुटलो. रिचर्ड स्टॉलमन नावाचा अमेरिकन प्रोग्रामर. त्याच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला, कागद अडकला तर सगळ्यांना निरोप जावा अशी सुधारणा त्याला करायची होती, आणि प्रिंटरचा मूळ कोड त्याला कुणी देईना. एवढ्यावरून हा माणूस पेटला आणि १९८३ साली त्याने जाहीर केलं की आपण सगळी सिस्टीमच मोकळी लिहू. त्याने चार स्वातंत्र्यं मांडली आणि त्यांना आकडे दिले शून्य ते तीन. शून्यापासून मोजणारा माणूस मला लगेच आपला वाटला. सीएनसीवर झिरो सेट केल्याशिवाय आम्ही तरी कुठे पुढे सरकतो! कशासाठीही चालवा, उघडून बघा आणि बदला, प्रत दुसऱ्याला द्या, आणि बदललेली प्रतही द्या. मग १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहून लोकांपुढे ठेवला, तोच लिनक्स, आणि पुढच्याच वर्षी तो स्टॉलमनच्या परवान्याखाली आणला.

इंग्रजीत म्हणे ‘फ्री’ या एकाच शब्दाने घोळ होतो, त्यांना दरवेळी समजावत बसावं लागतं. आपल्याकडे तो त्रास नाही. फुकट वेगळं, मोकळं वेगळं. फुकट तर दुकानातलं पोरही मला चोरीचं विंडोज घालून द्यायला तयार होतं. मोकळं म्हणजे यंत्राबरोबर त्याचं ड्रॉइंगही हातात दिलेलं. ड्रॉइंग असलं की पार्ट बनवता येतो, सुधारता येतो, शेजारच्या शॉपला देता येतो. चौतीस वर्षं मी परदेशी मशीनच्या एका बुशसाठी कंपनीला तीन-तीन महिने वाट बघताना पाहिलंय. मला हे कुणी पटवून द्यायची गरज नव्हती.

आणि प्रतींचा इतिहास तर मी तोंडात बोट घालून वाचला. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली! त्यामागे होते अतुल चिटणीस, बेळगावात वाढलेले, तिथल्याच गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर. मेकॅनिकल, बरं का! मी सहज हिशेब केला. एका सीडीत साडेसहाशे एमबी, तेव्हाच्या चांगल्या म्हणजे २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर ती उतरवायची तर सलग पन्नास तास, तेसुद्धा फोन मध्येच तुटला नाही तर. म्हणून अंकासोबतची चकती सोन्याच्या मोलाची. एकाने अंक घ्यायचा आणि दहा जणांनी प्रती करायच्या, आणि यात चोरी कुठेच नाही! पुढे उबुंटू आलं. मार्क शटलवर्थ नावाचा दक्षिण आफ्रिकेचा उद्योजक, जो २००२ मध्ये स्वतःच्या खर्चाने अंतराळात जाऊन आला होता, त्याने जगात कुणीही मागितली तरी सीडी पोस्टाने घरपोच, फुकट पाठवायची सोय केली. टपालखर्चसुद्धा त्यांचाच. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. मी तेव्हा नोकरीत होतो, आमच्याच स्टोअरमधल्या एका पोराच्या टेबलावर अशी पुठ्ठ्याच्या पाकिटातली सीडी मी बघितलीही होती आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला होता. आता आठवलं की लाज वाटते.

मिंट हे उबुंटूवर उभं, उबुंटू डेबियनवर उभं, आणि डेबियन १९९३ पासून चालू. तीन पिढ्या! एकाने दुसऱ्याचं घेतलं, भर घातली, पुढे दिलं, आणि कुणी कुणाला कोर्टात खेचलं नाही. आमच्याकडे दोन फुटांच्या बांधावरून तीन पिढ्या बोलत नाहीत.

चऱ्होलीकडे परत येतो, कारण त्याचं मूळ मी शोधून काढलंय. लिनक्सवर वर्षानुवर्षं दिसत आलेल्या भारतीय भाषांच्या अक्षरांचं नाव लोहित. लोहित म्हणजे तांबडा, कारण ती रेड हॅट या कंपनीने मोकळी केली. आणि ती मुळात घडवली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, त्याच श्रीलिपीवाल्यांनी, ज्यांच्या अक्षरात आपल्या गावोगावच्या पत्रिका छापल्या गेल्या! रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातली मंडळी त्यावर पुढे राबली. मराठी ल आणि मराठी श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, हे त्या फाँटला कळतं. कीबोर्डचा आराखडा इनस्क्रिप्ट, भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकातला. र च्याच बटणावर शिफ्ट दाबलं की नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त दिला की पापणी. म्हणजे ज्याने कुणी हा आराखडा ठरवला, त्याने चऱ्होली, कऱ्हाड, वऱ्हाड, सगळ्यांचा विचार केला होता. फक्त आमच्यापर्यंत कुणी निरोप आणला नाही.

खोट सांगायची तर दोन आहेत. सप्ताहाच्या जुन्या पत्रिका प्रेसवाल्याने जुन्या अक्षरात केलेल्या, त्या फाइली उघडल्या की चिन्हांचा कचरा दिसतो. त्या पुन्हा टाइप कराव्या लागल्या. आणि जावयाचं टॅली यावर सरळ चालत नाही, त्यामुळे तो अजून विंडोजवरच आहे आणि असू दे. मी कुणाच्या हातातलं ओढून घेत नाही.

आता मदतीचं. प्रत मिळणं सोपं, अडलं की काय? इथे मला खजिना सापडला. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम. दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर करून दाखवतात आणि आवाज मराठीत! लिनक्सचे धडे आहेत, लिबरऑफिसचे आहेत. अर्ध्या खिडकीत धडा, अर्ध्या खिडकीत आपण, ते करतील तसं करत जायचं. आमच्या वेळी उस्ताद जॉब करायचा आणि हेल्पर शेजारी उभा राहून बघायचा, तीच पद्धत, फक्त उस्ताद शिव्या देत नाही. चार दिवसांत मी वर्गणीची यादी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये आडनावाप्रमाणे लावली. काळजे, तापकीर, बुर्डे, दाभाडे, सगळे आपापल्या ओळीत शिस्तीत उभे. सभेतही इतक्या शिस्तीत कधी नव्हते.

आणि माणसंही आहेत, खरीखुरी! पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा एक जुना गट आहे, ‘प्लग’ म्हणतात त्याला. मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत त्यांच्या भेटी वर्षानुवर्षं व्हायच्या, तिथेच ‘ग्न्युनिफाय’ नावाचा मोकळ्या सॉफ्टवेअरचा मेळा भरायचा. चऱ्होलीहून तासाभराच्या वाटेवर हे सगळं चालू होतं आणि मी रविवारी टीव्हीसमोर बसून डुलक्या घेत होतो!

मग मला लिनक्ससीएनसी सापडलं आणि मी जेवायचा विसरलो. अमेरिकेच्या मानक संस्थेने मशीन कंट्रोलरसाठी केलेल्या कामातून निघालेलं मोकळं सॉफ्टवेअर. साध्या संगणकावरून मिलिंग चालवा, लेथ चालवा. कंट्रोलर! ज्या पेटीला आम्ही देवासारखं लांबून बघायचो, जिचं कार्ड जळलं की मालकाचा चेहरा पांढरा पडायचा, ती पेटी मोकळी! आणि ड्रॉइंगला फ्रीकॅड, २००२ पासून रखडत-रखडत, पण २०२४ मध्ये एकदाचं १.० झालेलं. मी त्यात पहिली गोष्ट काढली ती एक कॉलर बुश, पंचवीस एचसेव्हनच्या बोअरची. निवृत्तीनंतर पहिल्यांदा हाताला काम मिळाल्यासारखं वाटलं.

जगातली सगळ्यात जोरकस अशी पाचशे महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. पाषाणच्या हवामान संस्थेतला प्रत्यूष, २०१८ मध्ये सुरू झाला, तोही त्या यादीत होता. म्हणजे वारीच्या वेळी पाऊस कुठे गाठेल याचा अंदाज बांधायला जे वापरलं, त्याचाच गाभा माझ्या चार जीबीच्या डब्यात! आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येसुद्धा. पारावर हे सांगितलं तर एक जण म्हणाला, “मग तुझा लॅपटॉप सांग की, पाऊस कधी पडेल.” असे लोक प्रत्येक गावात असतात.

पण त्याच पारावरून कामाला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कापडी पिशवीत जुना लॅपटॉप गुंडाळून घेऊन आला. मग चोविसावाडीतून एक शिकवणी घेणाऱ्या ताई आल्या, त्यांच्याकडे तर असे दोन. मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून सहा पेन ड्राइव्ह आणले, सहाही भरले, प्रत्येकाचा आकडा ताडून पाहिला. चार वाटून झाले. ताईंच्या एका लॅपटॉपला आवाज येईना, तो मला जमला नाही. भाच्याला बोलावलं, त्यालाही तास लागला, पण आवाज आला, आणि आता ताईंच्या वर्गातली पोरं त्यावर टक्स पेंटमध्ये पेंग्विन रंगवतात. परवा त्यांचा फोन आला, “काका, मीच एकाला टाकून दिलं. वायफाय अडलं होतं, मोबाइल वायरने जोडला.” मी फोन ठेवून हिला सांगायला धावलो. या वेळी ती जागी होती.

हिची कीर्तनं परत मिळवली. बहिणीकडे तीच होती, तिथून उतरवून आणली, नव्या पेन ड्राइव्हवर, आणि त्यावर लाल दोरा बांधलाय. लॅपटॉपवर आता संध्याकाळी हरिपाठ लागतो.

तर चऱ्होलीत, वडमुखवाडीत, दिघीत, आळंदीत कुणाकडे कपाटावर धूळ खात पडलेला जुना संगणक असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी मला हाक मारा. वाघेश्वराच्या देवळाकडे येऊन कुणालाही विचारा, लिनक्सवाले काका कुठे राहतात. पत्ता सांगतील, वर हसतीलही. येताना आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आणा. आणि त्यात काही ठेवलं असेल तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या, कारण सगळं पुसलं जातं.